आमवात : रक्ताचा अहवाल काय सांगतो, काय सांगत नाही

'ईएसआर नॉर्मल आला, आता औषधे बंद करायची का?' हा प्रश्न आमवाताच्या अर्थात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांच्या मनात हमखास येतो. हा आजार वयोमानानुसार होणाऱ्या सांध्यांच्या झिजेपेक्षा वेगळा आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला चढवते. सूज आटोक्यात न आल्यास कूर्चा आणि हाडे यांची हानी होते व ती भरून येत नाही. म्हणूनच रोग कितपत सक्रिय आहे, हे वेळोवेळी तपासणे अगत्याचे असते.

त्यासाठी प्रामुख्याने दोन चाचण्या केल्या जातात. ईएसआर चाचणीत रक्त उभ्या नळीत ठेवून तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात, हे पाहिले जाते. दाह असताना रक्तातील फायब्रिनोजेन वाढते, पेशी नाण्यांच्या चवडीप्रमाणे एकमेकींना चिकटतात आणि वेगाने खाली बसतात. मात्र रक्तक्षय, वाढते वय किंवा गर्भावस्था यांमुळेही हा आकडा वाढतो. दाह ओसरल्यावर तो खाली यायला काही आठवडे लागू शकतात.

दुसरी चाचणी सीआरपीची. टिलेट व फ्रान्सिस या संशोधकांनी १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तातून हे प्रथिन उजेडात आणले. इंटरल्यूकिन-६ या रासायनिक संदेशामुळे यकृत ते तयार करते. काही तासांतच त्याचे प्रमाण वाढू लागते आणि दाह थांबताच ते झपाट्याने घटते. त्यामुळे सीआरपी अलीकडच्या स्थितीचे चित्र दाखवते.

ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या चाचण्यांचे प्रयोजन निराळे आहे. त्या मुख्यत्वे निदानासाठी उपयुक्त ठरतात. उपचारांचा गुण येतो आहे का, हे पाहण्यासाठी त्या पुनःपुन्हा करण्याची सहसा गरज नसते.

या आकड्यांनाही मर्यादा आहेत. मूत्रमार्गाचा संसर्ग झाला तरी सीआरपी वाढते. उलट, सांधे सुजलेले असतानाही काही रुग्णांचे अहवाल नॉर्मल येतात. टॉसिलिझुमॅब हे औषध इंटरल्यूकिन-६ चे कार्यच रोखते. परिणामी सांध्यांना आराम पडो वा न पडो, सीआरपी खाली येते. एखादा गंभीर संसर्गही त्याआड झाकला जाऊ शकतो.

म्हणून तज्ज्ञ 'डास-२८' सारख्या निर्देशांकाचा आधार घेतात. त्यात २८ सांध्यांची सूज व दुखरेपणा, रुग्णाचे स्वतःचे मत आणि ईएसआर किंवा सीआरपी यांचा एकत्रित विचार होतो. ईएसआरवर आधारित निर्देशांक ५.१ पेक्षा अधिक असल्यास रोग तीव्र, तर २.६ पेक्षा कमी असल्यास तो शांत मानला जातो. मात्र या २८ सांध्यांत पावलांचा समावेश नाही. तेव्हा पाऊल दुखत असल्यास रुग्णाने ते आवर्जून सांगावे.

सकाळी सांधे किती वेळ आखडलेले असतात, याची नोंद ठेवणेही उपयोगी पडते. अहवाल नॉर्मल आला याचा अर्थ अनेकदा इतकाच असतो की, औषधे आपले काम करीत आहेत. ती परस्पर बंद केल्यास रोग पुन्हा उसळण्याचा धोका असतो. मात्रा कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांनी सांधे तपासूनच घ्यावा.