गळाला लागलेल्या माशाला दुखतं का?

“माशाला कुठं दुखतं?” खाडीवर गळ टाकणारी मुलं बिनधास्त म्हणतात. 2003 साली स्कॉटलंडमध्ये लिन स्नेडन यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष किंवा ॲसिटिक आम्ल टोचलं. मासे सुमारे तीन तास अन्नाला शिवले नाहीत. आम्ल टोचलेले तर तळाच्या खड्यांवर ओठ घासत राहिले. ही वेदनाच का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

मासळी जबह न करताही हलाल, ही अल्लाहची सवलत. पण सुरी धारदार करा, जनावराला आराम द्या, असं सांगणाऱ्या नबी (स.) यांच्या उम्मतीनं मासा टोपलीत तासभर तडफडत ठेवावा? खायचा असेल तर काढताच डोक्यावर जोरदार घाव घालावा. निव्वळ गमतीसाठी टोचून परत सोडणं मला तरी पटत नाही. लहान मासा लागलाच, तर ओल्या हातानं सोडवावा. गळाचा उलटा दात आधीच पकडीनं दाबून सपाट केला, की तो सहज सुटतो.