मृत्युपत्र : वेळेवर करावयाचे पथ्य

हमरापुरातील गणेशमूर्तींच्या कारखान्याचा धनी मृत्युपत्र न करता निवर्तला, तर त्याच्या साच्यांचा धनी कोण?

1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, आई, मुलगे व मुली यांना समान वाटा मिळतो. मूर्ती घडविणारा मुलगा आणि मुंबईस स्थायिक झालेला मुलगा सारखेच वाटेकरी. कायदा नाते पाहतो, सेवा नव्हे. आपले पथ्यपाणी सांभाळणाऱ्या सुनेला, तिचा पती हयात असता, काहीच मिळत नाही. बँकेत नामनिर्देशन केले म्हणूनही निश्चिंत राहू नये. नामनिर्देशित व्यक्ती रकमेची केवळ विश्वस्त असते, मालक नव्हे.

वाचकहो, मृत्युपत्र साध्या कागदावरही होते. त्यास मुद्रांक लागत नाही. नोंदणी ऐच्छिक, तरी हितावह. स्वतःच्या सहीखेरीज किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक. लाभार्थीस साक्षीदार करू नये. मन सुदृढ असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडावा. विस्मरणाचा विकार बळावल्यावर केलेल्या मृत्युपत्राविषयी शंका घेतली जाते. म्हणून प्रकृती ठीक असतानाच ते लिहावे. आपली शुश्रूषा करणाऱ्यांची कृतज्ञता मनात न ठेवता कागदावर उतरवावी. मागे राहणाऱ्यांचे स्वास्थ्यही त्यावरच अवलंबून आहे.