रस्त्याकडेची बंद शटरं

कर्जासाठी मिळकत तारण ठेवायची म्हटली की तिची किंमत काय, हे बघायला बँक एक इंजिनिअर पाठवते. कोल्हापुरात ते काम मी करते. फ्लॅट, प्लॉट, गोडाऊन यांच्याबरोबर दुकानगाळेही मोजावे लागतात आणि अलीकडे या गाळ्यांनी माझी झोप उडवली आहे. कळंब्याकडे जा, पाचगावच्या रस्त्याला लागा, उचगावला जा. नवी इमारत उभी राहिली की खाली ओळीनं सहा-आठ शटरं. त्यातली दोन उघडी असतात, एक मेडिकल आणि एक दूध-अंडीवाला. बाकीच्यांवर ‘भाड्याने देणे आहे’ असा बोर्ड असतो आणि त्यावरचा फोन नंबर उन्हानं पुसट झालेला असतो. आणि त्याच शहरात महाद्वार रोडवर किंवा राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावर बसायला जागा शोधणारा तरुण वर्ष-वर्ष फिरतो, त्याला परवडेल असा गाळा मिळत नाही.

मग एवढे गाळे बांधले जातात ते कोणासाठी?

मला दिसतं ते सरळ आहे. आजचा गाळा व्यापारासाठी बांधला जात नाही, इमारतीचा हिशेब बसावा म्हणून बांधला जातो. कोल्हापूरच्या पेठा अशा झाल्या नव्हत्या. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली आणि १८९५ साली शाहू महाराजांनी स्टेशनाच्या बाजूला शाहूपुरी वसवली, ती गुळाच्या व्यापारासाठी. गूळ आधीच होता, तो बाहेर न्यायला गाडी आली, मग पेठ आली. पुढे गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले, तरी शाहूपुरीतल्या जुन्या जागा मोजताना तो क्रम अजून हाताला लागतो: रस्त्यावर दुकान, मागे वखार, वर माणसं. खोली एवढी का, दार एवढं रुंद का, याचं उत्तर मालात सापडतं. लक्ष्मीपुरीच्या धान्य बाजारातही तसंच. पोती उतरायची जागा आधी, बाकीचं नंतर.

‘मॉल आले आणि कोल्हापूर बदललं’ असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. एका छताखाली तेल, साबण, कापड घ्यायची सवय आपल्याला मॉलनं लावलेली नाही. शेतकरी सहकारी संघ १९३९ चा. त्यानंतर जनता बझार आला, सत्तरच्या दशकात वारणा बझार आला. माझी आई वारणा बझारात पिशवी घेऊन जायची, मांडणीवरून स्वतः माल काढायची आणि छापलेल्या किमतीला घ्यायची, तेव्हा मॉल हा शब्द आमच्या घरात कोणी ऐकलाही नव्हता. ही दुकानं सभासदांना काय लागतं ते विचारून उभी राहिली होती. कावळा नाक्याजवळचा डीवायपी सिटी मॉल त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. तिथं गर्दी होते त्याचं मोठं कारण मला पार्किंग वाटतं. महाद्वार रोडला स्कूटर लावायलाही जागा नाही, आणि घरातून गाडी काढणारा माणूस गाडी कुठं लागेल हे आधी बघतो.

आता इमारतीचा हिशेब. प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येईल हे एफएसआय ठरवतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच बांधकाम नियमावली लागू झाली. तिच्यात दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय १.१ आहे. पुढचं सगळं समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तिथंच थांबायचं. ३० मीटरचा असेल तर प्रीमियम भरून आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीचा बांधकाम हक्क, विकत घेऊन तीनपर्यंत जाता येतं. म्हणून रुंद रस्त्यावरच्या जमिनीचा भाव चढतो आणि तो भाव वसूल करायचा तर तळमजला सोन्याच्या दरानं विकावा लागतो. रेडी रेकनर या सरकारी दरपत्रकातही एकाच इमारतीत फ्लॅटचा दर वेगळा आणि दुकानाचा वेगळा, बराच चढा असतो. बिल्डर कागद-पेन्सिल घेऊन बसला की पहिली रेघ गाळ्यांची पडते.

गाळे किती काढायचे, हे तरी परिसर बघून ठरत असेल असं वाटेल. बऱ्याचदा ते कर बघून ठरतं. १ एप्रिल २०१९ पासून जीएसटीचा नियम असा आहे, की प्रकल्पातल्या एकूण कार्पेट क्षेत्रापैकी व्यापारी क्षेत्र १५ टक्क्यांपर्यंत असेल तर तो निवासी प्रकल्प धरला जातो आणि बांधकाम चालू असताना विकलेल्या गाळ्यांनाही ५ टक्केच कर लागतो. १५ च्या वर गेलात की गाळ्यांचा कर १२ टक्क्यांवर. त्यामुळे नकाशा पुढ्यात आला की मी बेरीज करून बघते आणि ती कितीदा तरी साडेचौदाच्या आसपास येते. त्या रस्त्याला चार दुकानं पुरतील की चौदा, हा प्रश्न त्या बेरजेत कुठेच नसतो.

हे गाळे घेतं कोण? दुकानदार क्वचितच. घेणारा असतो निवृत्त झालेला शिक्षक, महामार्गात जमीन गेल्यावर मोबदला हातात आलेला शेतकरी, मुलगा पुण्यात नोकरीला असलेलं जोडपं. ‘फ्लॅटपेक्षा गाळ्याला भाडं जास्त येतं’ एवढं त्यांनी ऐकलेलं असतं. समजा गाळा ४० लाखांचा आहे आणि २८ लाख कर्ज दहा वर्षांसाठी साडेनऊ टक्क्यांनी काढलं. हप्ता सुमारे ३६ हजार. निदान वीस हजार तरी भाडं यावं असं मालकाला वाटतं आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पण समोर उभा राहणारा किराणावाला वेगळा हिशेब करतो. शंभर रुपयांच्या विक्रीवर दहा सुटले असं धरलं तर निव्वळ भाडं भरायला त्याला महिन्याला दोन लाखांचा गल्ला व्हायला हवा. वीज, पोऱ्याचा पगार, मोडतोड, उधारी, घर हे सगळं त्याच्या पुढचं. शंभर-दीडशे घरांच्या वस्तीत, ऑनलाइन मागवणारे वजा जाता, तेवढा गल्ला कुठून येणार?

मालक भाडं कमी का करत नाही, असं मी विचारलं की बहुतेकदा एकच उत्तर येतं: ‘मॅडम, स्वस्तात एकदा दिला की माणूस निघत नाही.’ ही भीती जुन्या पेठांतून आलेली आहे. पण रीतसर नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्स करारात मुदत संपली की जागा परत मागायचा हक्क स्पष्ट असतो. करार न नोंदवता तोंडी जागा देणारे अडकतात. थोड्या नोंदणी खर्चासाठी लोक ते टाळतात आणि मग भीतीपोटी शटर खाली ठेवतात. बंद गाळ्याचा मेंटेनन्स आणि घरफाळा चालूच राहतो.

इथं पुराचाही विचार करायला हवा, कोल्हापुरात तो वगळून जागेबद्दल बोलताच येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीचा भाग पाण्यात होता. तळघरात दुकान किंवा गोदाम दाखवलं की मी अहवालात ते ठळक लिहिते, ग्राहकाला राग आला तरी. नदीकाठच्या नकाशावर दोन पूररेषा असतात: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची तांबडी. या दोन रेषांमध्ये बांधायचं तर जोतं उंच घ्यावं लागतं, आणि ते घ्यायलाच हवं. पण मग दुकान रस्त्यापासून वर जातं. शाहूपुरीतल्या एका हार्डवेअरवाल्यानं मला ते दोन शब्दांत सांगितलं: ‘म्याडम, गिऱ्हाईक चार पायऱ्या चढतंय, पाचवी चढत न्हाई.’ उंच जोत्याच्या इमारतीत खाली पार्किंग ठेवावं आणि गाळ्यांचा मोह सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी लढाई मात्र जुन्या पेठांत आहे. तिथल्या पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्यानं घेतलेल्या, दुकानांचं भाडं अजून शेकड्यात आहे. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या राज्याच्या भाडे नियंत्रण कायद्यानं पागडीचा व्यवहार कायदेशीर ठरवला आणि भाडं वर्षाला ४ टक्के वाढवायची मुभा दिली. पण मुळात दीडशे रुपये असेल तर ४ टक्क्यांनी काय होणार? मालक छप्पर शाकारत नाही, भाडेकरू कशाला शाकारेल, आणि भिंत फुगत जाते. ज्या कंपन्यांचं भरणा भांडवल एक कोटी किंवा त्याहून जास्त आहे त्यांना मात्र या कायद्याचं संरक्षण नाही. मालकाच्या दृष्टीनं साखळी दुकानांची कंपनी हा उत्तम भाडेकरू ठरतो तो यामुळेच. भाडं बाजारभावानं आणि मुदतीनंतर जागा मोकळी. जुना वाडा पाडून नवी इमारत झाली की पुढची रुंद जागा कंपनीला जाते आणि तीन पिढ्या तिथं बसलेला कापडवाला जिन्याखालून आत जाणाऱ्या बोळात सरकतो. कागदावर त्याला त्याचं क्षेत्र पुरेपूर मिळालेलं असतं. धंदा मात्र सहा महिन्यांत बसतो.

याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण हे टाळता येतं. दुकानाची किंमत क्षेत्रफळात जेवढी असते तेवढीच दर्शनी रुंदीत असते. दहा बाय पंधराचा गाळा आणि पाच बाय तीसचा गाळा, दोन्ही दीडशे चौरस फूट. बाजारात दुसऱ्याला पहिल्याच्या निम्मासुद्धा भाव येत नाही. तरीही पुनर्विकासाचे जे करारनामे माझ्याकडे येतात त्यांतल्या बहुतेकांत ‘तेवढंच क्षेत्र’ एवढंच लिहिलेलं असतं.

म्हणून पेठेतल्या दुकानदारांना मी सांगते, सही करण्याआधी चार गोष्टी कागदावर आणा. तळमजला हा शब्द. रस्त्याकडची रुंदी, फुटांत. रस्त्यापासून किती पायऱ्या. आणि बांधकाम चालू असेपर्यंत बसायला जागा किंवा तिचं भाडं, दरमहा किती आणि उशीर झाला तर किती वाढीव. करारासोबत मंजूर नकाशाची प्रत जोडा, त्यावर तुमचा गाळा रंगवून घ्या आणि मालक, बिल्डर दोघांच्या सह्या त्या नकाशावरही घ्या. करार नोंदवा. वकिलाची फी जड वाटली तर गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून एक वकील करा. राजारामपुरीत एका इमारतीच्या भाडेकरूंनी तसं केलं आणि त्यांचे सगळे गाळे नव्या इमारतीतही रस्त्यालाच आहेत.