सरावाची गोळी: स्वस्त, स्वच्छ आणि पिस्तुलाला मानवणारी

नेमबाजीत पिस्तुलाचा खर्च एकदा होतो, गोळ्यांचा रोज. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझपदक मिळवलं आणि त्याच्या गोळ्यांसाठी वडिलांनी कर्ज काढल्याची हकिगत महाराष्ट्रभर पोचली. त्याच ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने एअर पिस्तुलात दोन ब्राँझपदकं जिंकली. मुलं अशी पदकं बघतात आणि पिस्तूल शिकायचा हट्ट धरतात. मग मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कसारख्या वस्तीतल्या मध्यमवर्गीय घरात पहिला प्रश्न येतो तो महिन्याच्या खर्चाचा. सरावाला परवडेल, पिस्तूल घाण करणार नाही आणि नेमही बिघडवणार नाही, अशी गोळी कोणती?

या प्रश्नावर इंटरनेटवर मिळणारा बहुतेक सल्ला अमेरिकेतला असतो आणि तो ९ मिमीच्या काडतुसांबद्दल असतो. आपल्याकडे ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य नागरिकाला तो मिळत नाही. त्यामुळे आपल्याकडे सुरुवात करणाऱ्यासाठी निवड उरते ती दोन गोष्टींत: एअर पिस्तुलाचा ४.५ मिमीचा छर्रा आणि .२२ लाँग रायफल काडतूस.

छर्रा: सर्वांत स्वच्छ सराव

नवशिक्याने सुरुवात एअर पिस्तुलानेच करावी. २० जूलपर्यंतच्या ताकदीच्या, .१७७ बोअरच्या एअर गनला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. तिच्यात दारू जळत नाही, म्हणून नळीत काजळी साचत नाही.

स्पर्धेतला छर्रा सपाट डोक्याचा असतो, त्यामुळे कागदावर नीट गोल भोक पडतं. डबा साधारण ५०० छर्ऱ्यांचा येतो. सामन्यात ६० शॉट मारायचे असतात. सरावाला दिवसाला शंभर छर्रे धरले, तर एक डबा पाच दिवसांत संपतो. म्हणूनच दर डब्यामागे वाचलेले शंभर-दोनशे रुपयेही वर्षाच्या हिशेबात मोठे होतात.

इथे पालकांनी एक फरक ओळखला पाहिजे. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं. रायफलवाल्याला एकेक छर्रा निवडून घ्यावा लागतो, कारण त्याचं पदक केसाच्या अंतरावर ठरतं. पिस्तूलवाल्याचे गुण जातात ते हाताच्या हालचालीत आणि चाप ओढताना. आरडब्ल्यूएस किंवा एच अँड एनसारख्या कंपन्या सर्वांत वरच्या प्रतीच्या छर्ऱ्यांबरोबर सरावासाठी खालच्या किमतीचेही छर्रे बनवतात. शिकणाऱ्या पिस्तूलवाल्याला ते पुरेसे आहेत. डबा उघडल्यावर मूठभर छर्रे पांढऱ्या कागदावर पसरून बघा. ज्यांची मागची पातळ कड चेमटली आहे ते बाजूला काढा, बाकीचे बिनधास्त वापरा.

.२२ चं काडतूस जळतं कसं

पुढची पायरी २५ मीटरची. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत शूट-ऑफनंतर सुवर्णपदक जिंकलं ते याच २५ मीटर पिस्तूल प्रकारात. इथे .२२ लाँग रायफल चालतं. हे काडतूस १८८७ पासून बनतं आहे. सरावाच्या नेहमीच्या काडतुसात ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी असते. तिच्यावर मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर असतो. मागच्या कडेत, रिमच्या आत, प्रायमरचं मिश्रण भरलेलं असतं. फायरिंग पिन त्या कडेवर आपटली की ठिणगी पडते आणि दारू पेटते.

घाण तीन ठिकाणांहून येते. पूर्ण न जळलेल्या दारूचे कण, गोळीवरचं मेण आणि नळीला घासून सुटलेलं शिसं. दारू नीट जळायला पुरेसा दाब लागतो. तो कमी पडला की दारूचे कण तसेच राहतात आणि चेंबरच्या तोंडाशी मेणात मिसळून चिकट लगदा होतो. सरावानंतर नळीतून पांढरा कापडी पॅच ओढून बघा. पहिला काळा आणि तेलकट निघेल, दुसऱ्यावर राखाडी रेषा दिसतील. त्या रेषा शिशाच्या. तिसरा जवळपास कोरा निघाला, तर ती गोळी तुमच्या पिस्तुलात स्वच्छ चालते असं समजा.

जुन्या काळी घाणीपेक्षा मोठा शत्रू गंज होता. प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे आणि ते जळल्यावर मागे मिठासारखा क्षार उरे. हा क्षार हवेतला ओलावा ओढून नळी खाऊन टाकी. १९२० च्या दशकात जर्मनीत आणि अमेरिकेत न गंजवणारे प्रायमर बाजारात आले आणि हा प्रश्न सुटला. तरी मीरा-भाईंदरच्या खाडीकाठच्या हवेत, त्यातून पावसाळ्यात, सरावानंतर नळीत तेलाचा हलका हात फिरवायलाच हवा.

वेग कमी, फायदा जास्त

डब्यावर 'हाय व्हेलॉसिटी' असं लिहिलेलं बघून भुलू नका. टार्गेट पिस्तुलाची स्प्रिंग आणि बोल्ट स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा थोड्या कमी वेगाच्या गोळीसाठी बांधलेले असतात. जादा वेगाने पिस्तुलाला दणके बसतात आणि हातातला झटकाही वाढतो. तांब्याच्या जॅकेटची गोळीही इथे कामाची नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार या प्रकारात गोळी शिशाची किंवा तशाच मऊ पदार्थाची लागते.

इथेही रायफलवाल्याचा हिशेब वेगळा आहे. ५० मीटर रायफलचं दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं, तर २५ मीटर पिस्तुलाच्या प्रिसिजन टार्गेटवर ते ५० मिमीचं. अंतर निम्मं आणि वर्तुळ जवळपास पाचपट. एली कंपनीची टेनेक्स किंवा तिच्या तोडीची सर्वोच्च प्रतीची गोळी रायफलच्या अंतिम फेरीत पदक मिळवून देऊ शकते. पिस्तुलाच्या रोजच्या सरावात तिच्यावर पैसे घालणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. त्याच कंपन्यांच्या साध्या, स्टँडर्ड वेगाच्या प्रती २५ मीटरवर दहाच्या आत सहज बसतात.

मात्र अगदीच स्वस्ताच्या मागेही लागू नका. २५ मीटर पिस्तुलाच्या रॅपिड टप्प्यात टार्गेट दर वेळी तीनच सेकंद समोर असतं. तेवढ्यात गोळी अडकली तर शॉटही जातो आणि मनातला विश्वासही जातो. म्हणून दोन-तीन प्रतींचा एकेक डबा घ्या. प्रत बदलताना नळी साफ करा आणि पहिले दहा-पंधरा शॉट मोजू नका, कारण नळीला नव्या मेणाची सवय व्हायला तेवढे लागतात. मग पिस्तूल टेकवून पाच-पाच शॉटचे पाच ग्रुप मारा. ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा झुबका, किती लहान आला, किती वेळा गोळी अडकली आणि पॅच किती काळा निघाला, या तीनच गोष्टी वहीत लिहा. जी प्रत या तिन्हींत चांगली आणि परवडणारी, तिचा एकाच लॉटचा साठा परवान्याच्या मर्यादेत घ्या.

शिशाची धूळ आणि परवान्याचा कागद

स्वच्छ गोळी याचा अर्थ बिनविषारी गोळी नव्हे. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि बंद रेंजमध्ये त्याचा धूर श्वासातून शरीरात जातो. हवा खेळती नसलेल्या रेंजवर मुलांना पाठवू नका. जमीन कोरड्या झाडूने झाडली जात असेल, तर व्यवस्थापनाला ओल्या पोछ्याचा आग्रह धरा. सरावानंतर साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय स्टेशनवरचा वडापाव हातात घ्यायचा नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. छर्रेही शिशाचेच असतात, म्हणून एअर पिस्तुलालाही हाच नियम.

.२२ साठी १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना लागतो. ऑक्टोबर २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाल्यापासून इथल्या रहिवाशांचे अर्ज त्याच आयुक्तालयाकडे जातात. परवाना हाती येईपर्यंत क्लबच्या पिस्तुलावर, क्लबच्या गोळ्यांनी, प्रशिक्षकासमोर सराव करावा. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. नेमबाज अंजली भागवत तिथेच घडल्या.  नेमबाजी हा शिस्तीचा खेळ आहे आणि ती शिस्त गोळीच्या नोंदीपासून, कुलपापासून सुरू होते.

शेवटी पालकांना एक विनंती. गोळी न घालता, भिंतीकडे रोखून, फक्त चाप आणि श्वास यांचा सराव रोज करायला लावा. जगातले अव्वल नेमबाजही तो करतात आणि त्याला एक पैसा लागत नाही. मात्र हा सराव दारूगोळा खोलीबाहेर ठेवून, पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासून आणि .२२ असेल तर चेंबरमध्ये डमी घालूनच करायचा. गोळ्यांचा खर्च त्यानंतर करा, आणि तो रायफलवाल्याचा डबा बघून नव्हे, आपल्या मुलाच्या वहीतले ग्रुप बघून करा.