इंग्रजीच्या प्रादेशिक बोलींतील शब्दसंपदा : संकलन, व्युत्पत्ती आणि लोप

प्रस्तावना :

महाविद्यालयात ‘इंग्रजी’ या नावाने जी भाषा शिकविली जाते ती इंग्रजीच्या अनेक बोलींपैकी एकीचा विकास होय. चौदाव्या-पंधराव्या शतकांत लंडन हे राज्यकारभाराचे आणि व्यापाराचे केंद्र होते. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना सुरू केला आणि त्या परिसरातील बोलीला छापील अक्षराची प्रतिष्ठा लाभली. उर्वरित बोली मागे पडल्या. परंतु त्या संपल्या नाहीत. यॉर्कशायरच्या गिरण्यांत, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, आयर्लंडच्या शेतघरांत त्या बोलल्या जात राहिल्या आणि त्यांतील शब्दांवर ‘गावंढळ’, ‘अशुद्ध’ असे शिक्के बसत गेले. या शिक्क्यांमागे एक गृहीतक असते : मूळ शुद्ध भाषा ती प्रमाणभाषा आणि बोली म्हणजे तिचे बिघडलेले रूप. इंग्रजीपुरते पाहिले तर शब्दांचा इतिहास या गृहीतकाच्या विरुद्ध साक्ष देतो.

जुन्या घराण्यातील शब्द :

नोबेल पारितोषिकप्राप्त आयरिश कवी शेमस हीनी यांनी ‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी महाकाव्याचे भाषांतर १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी ‘थोल’ या एका शब्दाविषयी लिहिले आहे. थोल म्हणजे सोसणे, निमूटपणे सहन करणे. उत्तर आयर्लंडमधील त्यांच्या घरातील वडीलधारी माणसे हा शब्द सहज वापरीत. तो खेड्यातला, घरगुती शब्द आहे अशीच समजूत होती. पुढे प्राचीन इंग्रजीचा अभ्यास करताना ‘थोलिअन’ हे क्रियापद त्यांना शब्दसूचीत दिसले आणि आपल्या चुलीपाशी बोलला जाणारा शब्द हजार वर्षांपूर्वीच्या महाकाव्यातला आहे हे ध्यानात आले. प्रमाण इंग्रजीने हा शब्द केव्हाच टाकला. लॅटिन-फ्रेंच वळणाची ‘एन्ड्युअर’, ‘सफर’ ही क्रियापदे तिने जवळ केली. येथे बोलीने जुने धन राखले आणि प्रमाणभाषेने ते गमावले, असेच म्हणावे लागते.

मुंगीच्या नावांचे उदाहरण अधिकच बोलके आहे. प्रमाण इंग्रजीत मुंगीला ‘अँट’ म्हणतात, तर इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील बोलींत ‘एमेट’. वरवर पाहता दोहोंत काही साम्य नाही. प्रत्यक्षात दोन्ही शब्द प्राचीन इंग्रजीतील ‘अ‍ॅमेटे’ या एकाच शब्दापासून निघाले आहेत. एका उच्चारात मधला स्वर गळाला आणि ‘अँट’ उरले. दुसऱ्यात तो टिकला. म्हणजे ‘एमेट’ हा ‘अँट’चा अपभ्रंश नसून त्याचा सख्खा भाऊ आहे, आणि झीज झालीच असेल तर ती अधिक प्रमाण शब्दाची झाली आहे. कॉर्नवॉलमध्ये उन्हाळ्यात लोटणाऱ्या पर्यटकांनाही स्थानिक लोक ‘एमेट’ म्हणतात. त्यातला टोमणा स्पष्ट करण्याची गरज नाही. मुंगीसाठी ‘पिसमायर’ असा आणखी एक बोलीशब्द आहे. ‘मायर’ म्हणजे मुंगी आणि पहिले पद तिच्या वारुळाच्या लघवीसारख्या उग्र वासावरून आलेले. हा वास फॉर्मिक आम्लाचा असतो. शब्द शिष्टसंमत वाटत नसला तरी शेक्सपिअरने ‘चौथा हेन्री’ या नाटकाच्या पहिल्या भागात तो वापरला आहे.

उत्तर इंग्लंडच्या बोलींचे वैशिष्ट्य निराळे आहे. नवव्या शतकात डॅनिश टोळ्यांनी या भागात वस्ती केली आणि त्यांची भाषा मातीत मुरली. ओढ्याला ‘बेक’, डोंगराला ‘फेल’, डोंगरातील लहान तळ्याला ‘टार्न’ हे शब्द त्यांचे. यॉर्क शहरात ‘स्टोनगेट’ या नावातील ‘गेट’ म्हणजे दरवाजा नव्हे, तर रस्ता; जुन्या नॉर्स भाषेतील ‘गाता’ या शब्दाचे ते रूप आहे. यॉर्कशायरमध्ये खेळणे या अर्थी ‘लेक’ हे क्रियापद आहे आणि तेही नॉर्स. याच मुळापासून निघालेला डॅनिश शब्द ‘लेगो’ या खेळण्याच्या नावात आहे (डॅनिशमध्ये ‘लेग गोट’ म्हणजे चांगले खेळा). गिरणी कामगारांनी ‘लेक’ला आणखी एक अर्थ दिला : काम नसल्याने घरी बसणे. खेळणे आणि बेकार असणे यांसाठी एकच शब्द वापरणाऱ्या समाजाच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी लागते.

जोसेफ राईट आणि बोलीकोश :

हे शब्द आज हाती आहेत याचे मोठे श्रेय जोसेफ राईट (१८५५-१९३०) यांच्याकडे जाते. राईट यांचा जन्म यॉर्कशायरमध्ये ब्रॅडफर्डजवळ झाला. वयाच्या सहाव्या वर्षी ते दगडाच्या खाणीवर गाढवाची गाडी हाकण्याच्या कामाला लागले आणि त्यानंतर सॉल्टेअर येथील कापड गिरणीत भरलेल्या बॉबिन काढण्याच्या कामावर गेले. पंधराव्या वर्षापर्यंत त्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते. पुढे रात्रशाळा, स्वाध्याय आणि साठविलेली मजुरी यांच्या बळावर ते जर्मनीत पोचले व १८८५ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. १९०१ मध्ये ऑक्सफर्ड येथे तौलनिक भाषाशास्त्राच्या अध्यासनावर त्यांची नियुक्ती झाली. हे तेच अध्यासन, ज्यावर आपल्याकडे ऋग्वेदाच्या संपादनामुळे परिचित असलेले मॅक्सम्युलर पूर्वी होते. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टोल्किन हे राईट यांचे विद्यार्थी.

बोलीशब्दांच्या संकलनासाठी १८७३ मध्ये ‘इंग्लिश डायलेक्ट सोसायटी’ स्थापन झाली होती. तिने जमविलेल्या सामग्रीचे कोशात रूपांतर करण्याचे काम राईट यांच्याकडे आले. १८९८ ते १९०५ या काळात ‘इंग्लिश डायलेक्ट डिक्शनरी’चे सहा खंड निघाले. वर्गणीदारांच्या आधारावर आणि बऱ्याच अंशी स्वतः आर्थिक जोखीम पत्करून राईट यांनी हे प्रकाशन तडीस नेले. मागील दोनशे वर्षांत वापरात असलेला प्रत्येक बोलीशब्द नोंदविणे हे कोशाचे उद्दिष्ट होते. शब्द कोणत्या परगण्यात आढळतो, तेथे त्याची अर्थच्छटा काय आणि तो कोणत्या वाक्यात येतो, हे सारे त्यात दिलेले असते. तत्पूर्वी, १८९२ मध्ये, त्यांनी आपल्या विंडहिल गावच्या बोलीचे स्वतंत्र व्याकरणही लिहिले. जी बोली गिरणीत कानांवर पडली, तिला संस्कृत किंवा गॉथिक भाषेइतकीच काटेकोर ध्वनिव्यवस्था आहे हे त्यातून सिद्ध झाले. विद्वत्तेने माणूस आपल्या बोलीपासून दुरावतो असा सर्वसाधारण अनुभव असताना राईट यांनी विद्वत्ता बोलीच्या सेवेला लावली, हे विशेष मानले पाहिजे. योगायोग असा, की कोशाचे काम पूर्ण झाले त्याच १९०५ साली ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठी आणि तिच्या बोलींना वाहिलेला सातवा खंड प्रसिद्ध झाला.

पन्नास वर्षांनंतरची पाहणी :

दुसऱ्या महायुद्धानंतर खेड्यांचे स्वरूप झपाट्याने पालटू लागले. तेव्हा लीड्स विद्यापीठातील हॅरॉल्ड ऑर्टन यांनी स्विस भाषाशास्त्रज्ञ ऑयगेन डीट यांच्या सहकार्याने ‘सर्व्हे ऑफ इंग्लिश डायलेक्ट्स’ ही पाहणी आखली. १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी तेराशेहून अधिक प्रश्न विचारण्यात आले. प्रश्न विचारण्याची पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. अपेक्षित शब्द संशोधकाने उच्चारायचाच नाही, कारण तो एकदा ऐकला की सांगणारा तोच परत करतो. म्हणून गाई बांधण्याच्या जागेला काय म्हणता, असे विचारावयाचे. उत्तर भागात ‘बायर’, लँकेशायरमध्ये ‘शिपन’, पश्चिम यॉर्कशायरमध्ये ‘मिस्टल’ अशी उत्तरे मिळत आणि ती नकाशावर मांडली की शब्दांच्या सीमारेषा दिसू लागत. माहिती देणारे बहुतेक खेड्यांतील वृद्ध पुरुष होते. स्त्रियांची आणि औद्योगिक शहरांची भाषा यातून बरीचशी सुटली, हा आक्षेप रास्त आहे. राईट स्वतः गिरणीत वाढले होते हे लक्षात घेता तो अधिकच जाणवतो.

अमेरिकेत असेच काम फ्रेडरिक कॅसिडी यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात केले. १९६५ ते १९७० या काळात कार्यकर्ते मोटारगाड्यांतून १००२ वस्त्यांपर्यंत गेले. ‘डिक्शनरी ऑफ अमेरिकन रीजनल इंग्लिश’चा पहिला खंड १९८५ मध्ये, तर शेवटच्या अक्षरापर्यंत पोचणारा पाचवा खंड २०१२ मध्ये निघाला. कॅसिडी २००० मध्ये निवर्तले. ‘ऑन टु झी’, अर्थात ‘चला, शेवटच्या अक्षराकडे’, हे शब्द त्यांच्या समाधीवर कोरले आहेत. अशा शब्दांचे ज्ञान न्यायदानातही उपयोगी पडते. अपहरणाच्या एका प्रकरणात खंडणीच्या चिठ्ठीत ‘डेव्हिल स्ट्रिप’ हा शब्द आला होता. पदपथ आणि रस्ता यांमधील गवताच्या पट्टीला ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन परिसरात असे म्हणतात. चिठ्ठीत सोप्या शब्दांचे लेखन मुद्दाम चुकविलेले होते, मात्र अवघड शब्द बरोबर होते. लिहिणारा अ‍ॅक्रनचा सुशिक्षित मनुष्य असावा, असे अनुमान भाषाशास्त्रज्ञ रॉजर शाय यांनी केले आणि ते खरे ठरले. गुन्हेगाराला स्वतःचे शिक्षण लपविण्याची बुद्धी झाली; आपला शब्द प्रादेशिक आहे याची मात्र त्याला कल्पनाच नव्हती.

दुसऱ्या भाषेच्या सावलीत :

काही प्रादेशिक प्रयोग शेजारच्या भाषेमुळे घडतात. आयर्लंडमध्ये ‘आय अ‍ॅम आफ्टर ईटिंग’ याचा अर्थ ‘मी नुकताच जेवलो आहे’ असा होतो. आयरिश भाषेतील वाक्यरचनेचे हे इंग्रजी रूप आहे. भारतीय इंग्रजीतील ‘प्रीपोन’ची कथा वेगळी. ‘पोस्टपोन’ला विरुद्धार्थी शब्द हवा होता आणि तो लॅटिन घटकांपासून नियमानुसारच बनला, ऑक्सफर्डच्या कोशानेही त्याची नोंद घेतली आहे. तरीही उत्तरपत्रिकेत त्याच्याभोवती लाल वर्तुळ उमटते. परीक्षेत प्रमाण रूपाचा आग्रह धरणे हा एक भाग झाला आणि दुसरे रूप वापरणाऱ्यास अडाणी समजणे हा दुसरा. पहिल्याला शैक्षणिक कारण देता येते. दुसऱ्याला भाषाशास्त्रात आधार नाही.

शब्दांचा लोप :

बोटात रुतणाऱ्या लाकडाच्या बारीक कुसळाला प्रमाण इंग्रजीत ‘स्प्लिंटर’ म्हणतात. ऑर्टन यांच्या पाहणीत त्यासाठी ‘स्पेल’, ‘स्पाइल’, ‘शिव्हर’, ‘स्पेल्क’ असे अनेक शब्द नोंदविले गेले होते. २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी मोबाइलवरील उपयोजनाद्वारे मिळविलेली माहिती प्रसिद्ध केली. त्यात ३० हजारांहून अधिक लोक सहभागी झाले होते. बहुतेक सर्वत्र ‘स्प्लिंटर’ पसरल्याचे आढळले. ईशान्येकडील न्यूकॅसल परिसरात मात्र ‘स्पेल्क’ तग धरून होता. शरद ऋतूसाठी उत्तरेत वापरला जाणारा ‘बॅकएंड’ हा शब्दही जवळजवळ नाहीसा झाला.

शाळा, नभोवाणी आणि स्थलांतर ही कारणे नेहमी सांगितली जातात व ती खरीच आहेत. परंतु वस्तू आणि काम नाहीसे होणे हे कारण अधिक मूलगामी होय. कुसळ आजही बोटात रुतते, तेव्हा ‘स्पेल्क’ला जगण्यास वाव आहे. गाई दावणीला बांधून हाताने दूध काढण्याची पद्धत गेली, त्यासोबत ‘शिपन’ आणि ‘मिस्टल’ यांचे काम संपले. राईट यांचा कोश आता ऑस्ट्रियातील इन्सब्रुक विद्यापीठाने संगणकीय स्वरूपात उपलब्ध केला आहे व त्यात हे शब्द क्षणात सापडतात. उत्तर इंग्लंडमध्ये जुने गोठे दुरुस्त करून त्यांची राहती घरे करण्यात आली आहेत. त्यांपैकी काहींच्या दारावर ‘द शिपन’ अशी पाटी आढळते.