सतरंजीला कोणते यंत्र, गालिच्याला कोणते?

गणपती गावाला गेले की आमच्या तळ्यात घरोघरी 'दसरा काढण्या'ची गडबड सुरू होते. चार महिने दमटपणा प्यालेल्या सतरंज्या, घोंगड्या, जाजमे माळ्यावरून खाली येतात, अंगणातल्या वलणीवर पडतात आणि काठीने बडवून निघतात. आता या पसाऱ्यात आणखी एका वस्तूची भर पडली आहे. मुंबईचा मुलगा किंवा जावई हौसेने गालिचा आणतो आणि त्यापाठोपाठ तो साफ करायला व्हॅक्युम क्लीनर येतो. मी येथे विजेच्या घरगुती यंत्रांची दुरुस्ती करतो. त्यामुळे 'कोणता घेऊ?' हा प्रश्न मला आधी विचारला जातो आणि 'हा नीट ओढत का नाही?' हा नंतर. आज दोन्हींचा एकत्रच विचार करू.

व्हॅक्युम क्लीनर धूळ 'ओढतो' असे आपण म्हणतो. खरे तर आतला पंखा पोटातली हवा बाहेर फेकतो, आत दाब कमी होतो आणि बाहेरची हवा तोंडातून जोराने आत घुसते. ही हवा जाता जाता धूळ घेऊन जाते. म्हणजे हवा हमाल आहे. पण ओझे मोकळे असेल तरच हमाल उचलणार. फरशीवरची धूळ मोकळीच असते. गालिच्याच्या लवेत, मुळाशी रुतलेली रेती मोकळी नसते. तिला आधी कोणीतरी हलवून सुटी करावी लागते.

नेमके हेच काम उभे यंत्र करते. उभे म्हणजे ज्याची मोटर, पिशवी आणि दांडा एकाच अंगात असतात आणि जे आपण पुढे-मागे ढकलतो ते. त्याच्या तोंडात एक गोल ब्रश वेगाने फिरत असतो. तो लव विंचरतो, झटकतो आणि सुटी झालेली रेती हवेच्या हवाली करतो. याउलट आपल्याकडे जास्त दिसते ते जमिनीवर लोळणारे, लांब नळीचे यंत्र. १९८२ मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सच्या विक्रेत्यांनी दारोदार जाऊन त्याची ओळख मराठी घरांना करून दिली. त्याच्या साध्या तोंडाला फिरता ब्रश नसतो. सगळी भिस्त हवेवर.

उभ्या यंत्राची जन्मकथाही ऐकण्याजोगी आहे. १९०१ साली इंग्लंडमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ यांनी धूळ शोषणारे यंत्र बनवले, पण ते घोडागाडीवरून दारात आणावे लागे आणि त्याच्या नळ्या खिडकीतून आत सोडाव्या लागत. अमेरिकेत ओहायो राज्यातील कँटन येथे जेम्स मरे स्पँगलर एका दुकानात साफसफाईचे काम करीत. त्यांना दमा होता आणि गालिचे झाडताना उडणाऱ्या धुळीने तो वाढे. पंख्याची मोटर, साबणाचे खोके, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जुळवून त्यांनी १९०७ मध्ये यंत्र केले. १९०८ मध्ये त्याचे पेटंट मिळाले आणि पुढे विल्यम हूवर यांनी ते विकत घेऊन जगभर पोचवले. पाश्चात्त्य देशांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे असतात. ते उचलून बडवता येत नाहीत. म्हणून तिथे उभे यंत्र रुजले.

आपली गोष्ट वेगळी आहे. आपल्या सतरंजीला लव नसते. उभ्या-आडव्या धाग्यांची ती सपाट वीण. तिच्यातली धूळ दोन्ही बाजूंनी निघते. ती उलटी टाकून बडवली, मग झटकली, कडक उन्हात दोन-चार तास ठेवली की कोणत्याही यंत्राची बरोबरी होते. फिरता ब्रश सतरंजीवर उलट त्रासच देतो. हलकी सतरंजी गोळा होऊन तोंडात अडकते, दशा ब्रशला गुंडाळल्या जातात, पट्टा तुटतो. माझ्याकडे येणाऱ्या उभ्या यंत्रांत बिघाडापेक्षा ब्रशला गुंडाळलेले दोरे, केस आणि काथ्याच अधिक असतो. कात्रीने ते कापून काढले की यंत्र पुन्हा चालू.

घोंगडी, चटई आणि काथ्याचे पायपुसणे यांनाही हाच नियम. त्यांच्यासाठी नळीचे यंत्र आणि सपाट तोंड पुरे. हाताने गाठी मारलेल्या लोकरी गालिच्यावरही ब्रश बंद ठेवून, लवेच्या कलाने, अलगद फिरवावे. झालरीवर यंत्र नेऊच नये. मग उभ्या यंत्राचा खरा उपयोग कुठे? दाट, कापलेल्या लवेचा, जड, जागेवरून न हलणारा गालिचा असेल तिथे. आमच्या तांबड्या मातीची बारीक खर पायांबरोबर घरात येते आणि लवेच्या मुळाशी बसते. वरून चालले की तिच्या धारदार कण्या धागे कापत राहतात. ही खर काढण्यात उभे यंत्र नळीच्या साध्या यंत्राला सहज मागे टाकते. बिनतारी दांड्याची यंत्रे मधली. तोंडाला स्वतंत्र मोटरचा ब्रश असेल तर छोट्या गालिच्याला ती चालतात, पण पूर्ण जोरावर बॅटरी लवकर संपते.

खरेदीच्या वेळी चार गोष्टी पाहाव्यात. ब्रश वेगळा बंद करता येतो का? तोंडाची उंची कमी-जास्त होते का? पट्टा, ब्रश आणि फिल्टर जवळच्या शहरात मिळतात का? आणि वजन आपल्याला जिन्यावरून पेलेल का? वॅटच्या आकड्याला भुलू नये. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खाते ते. किती साफ करते ते नव्हे. युरोपीय संघाने २०१४ मध्ये १६०० आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली, तरी तिथले गालिचे साफ होतच आहेत. हजार वॅटचे यंत्र अर्धा तास चालवले तर अर्धे युनिट जळते, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

विक्रेत्याच्या प्रयोगालाही भुलू नये. तुम्ही नुकत्याच झाडलेल्या गालिच्यावर तो यंत्र फिरवतो आणि पांढऱ्या फडक्यावरची काळी धूळ दाखवतो. पण लवेच्या गालिच्यावर दुसरे यंत्र फिरवले तरी थोडी धूळ निघतेच. तुलना करायची तर दोघांना सारखे काम द्या. पन्नास ग्रॅम कोरडी, चाळलेली रेती गालिच्याच्या एका चौकोनावर पसरा, पायाने तुडवा, चार वेळा यंत्र फिरवा आणि धुळीचा डबा आधी-नंतर तोला. दुसऱ्या यंत्राला शेजारचा तसाच चौकोन द्या. तराजू खोटे बोलत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. एक आजी माझ्याकडे विचारायला आल्या होत्या, "हे यंत्र घेतलं तर नातवाचा दमा जाईल का रे?" त्यासाठी त्या साठवलेले पैसे मोडणार होत्या. मी त्यांना जे सांगितले तेच येथे सांगतो. धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. ते हवेतला दमटपणा शोषून जगतात, म्हणून कोकणातली हवा त्यांना मानवते. त्यांची विष्ठा श्वासात गेली की काहींचा दमा उसळतो. यंत्र ही विष्ठा काही अंशी काढते, पण जिवंत किडे धाग्यांना धरून राहतात. फिल्टर साधा असेल तर अतिबारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीतच येते. म्हणून अशा घरात ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा हेपा फिल्टर असलेलेच यंत्र घ्यावे, झाडताना आणि नंतर अर्धा तास मुलाला त्या खोलीत ठेवू नये, डबा अंगणात रिकामा करावा. पण त्याहून स्वस्त आणि सरस उपाय म्हणजे मुलाच्या झोपण्याच्या खोलीतून गालिचाच काढणे, लादी ओल्या फडक्याने पुसणे आणि चादरी-अभ्रे आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात धुणे. डॉक्टरांचे औषध मात्र सुरूच ठेवायचे. आजींनी यंत्र घेतले नाही. गालिचा ओटीवर आणला.

पावसाळ्यात आणखी दोन पथ्ये. ओल्या गालिच्यावर साधे यंत्र कधीही फिरवू नका. मोटरमध्ये पाणी गेले तर ती जळते आणि शॉकही बसू शकतो. दमट धुळीचा फिल्टरवर चिखल बसतो, हवा अडते आणि यंत्र गुरगुरते पण ओढत नाही. फिल्टर धुतला तर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. आमच्याकडे जुलैत त्याला दोन-तीन दिवसही लागतात, म्हणून जोडीला दुसरा फिल्टर ठेवा.

थोडक्यात, उचलता येते ते उन्हात न्यावे आणि बडवावे. उचलता येत नाही आणि लव दाट आहे, त्यालाच उभे यंत्र लावावे. आणि घरात सतरंज्याच असतील तर यंत्राचे पैसे राखून ठेवून एक चांगली वेताची छडी घ्यावी.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)