खाऱ्या पाण्याच्या टाकीचा पीएच सकाळी पडतोय? बाटली घेण्याआधी खिडकी उघडून बघा

शिंदखेडा : आपल्या तालुक्यातून जाणारी तापी समुद्राला मिळते ती थेट सुरतेच्या पुढे. समुद्राशी आपली सोयरीक एवढीच. पण हौसेला मोल नसतं. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात कधीतरी पाहिलेले समुद्री मासे आता मोबाईलवर रोज दिसतात. मग एखादा मोठ्या हौसेनं घरात खाऱ्या पाण्याची टाकी मांडतो. घरातलं मीठ नाही, टाकीसाठीचं खास मीठ आणतो, आरओचं पाणी वापरतो, लिटरला साधारण ३५ ग्रॅमचा हिशोब पाळतो. सगळं नीट, तरी सकाळी मोजलं की पीएच ७.८, कधी ७.७. हवा असतो ८.१ ते ८.४. दुकानात विचारलं की पीएच वाढवायची बाटली हातात मिळते.

ती बाटली घेण्याआधी एक गोष्ट तपासा. बऱ्याचदा दोष टाकीत नसतो, घरातल्या हवेत असतो.

पीएच म्हणजे माती परीक्षणाच्या कागदावर जो 'सामू' लिहिलेला असतो तोच. ७ म्हणजे मधलं, त्याच्या वर आम्लारी, खाली आम्ल. समुद्राचं पाणी ८.१ च्या आसपास असतं. आता आपण श्वास सोडतो त्यात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. हा वायू पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल तयार होतं. सोडा बाटलीची चव आंबूस लागते ती त्याच्यामुळेच. बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत हा वायू सुमारे ४२० भाग असतो. पण थंडीच्या दिवसांत दारं-खिडक्या घट्ट लावून चार-पाच माणसं एका खोलीत झोपली, त्यात पहाटे गॅस पेटला, की तोच आकडा हजार-दीड हजाराच्या पुढे सहज जातो. हवेतला हा वायू दुप्पट झाला की टाकीचा पीएच साधारण ०.३ नं उतरतो. ८.२ चे ७.९ झाले ते असे. टाकीतल्या पाण्यानं फक्त खोलीतली हवा प्यायली.

रात्री भर पडते ती वेगळीच. दिवसा उजेडात शेवाळ हा वायू खातं म्हणून पीएच चढतो, रात्री शेवाळ आणि मासे दोघंही तो सोडतात म्हणून उतरतो. शेततळ्यात रोहू-कटला सोडणाऱ्यांना हे माहीत आहे, पहाटेचा आकडा आणि दुपारचा आकडा कधीच जुळत नाही. म्हणून रोज एकाच वेळी मोजा. सकाळी ७ चा आकडा कालच्या दुपारच्या आकड्याशी ताडून घाबरण्यात अर्थ नाही.

दोष हवेचाच आहे का, हे फुकटात कळतं. टाकीतलं पाणी ग्लासभर घ्या, पीएच मोजा. तो ग्लास बाहेर ओट्यावर सावलीत ठेवा आणि छोट्या एअर पंपानं तासभर बुडबुडे सोडा. परत मोजा. आकडा चढला तर गुन्हेगार घरातली हवा. बाहेर ठेवूनही जागचा हलला नाही, तर पाण्याची अल्कलिनिटी तपासा, ती ७ ते ११ डीकेएच असावी. ती कमी असेल तरच पाण्यात काही घालायचा विषय निघतो.

लोक नेमकं इथंच चुकतात. हवा तशीच ठेवून रोज खायचा सोडा किंवा बाटलीतलं द्रावण ओततात. पीएच जेमतेम हलतो, नाहीतर थोडा वेळ चढून परत खाली येतो. अल्कलिनिटी मात्र वाढत जाते आणि हीटर-पंपावर पांढरा थर चढतो. खरं सांगायचं तर ७.८ वर मासा मरत नाही, प्रवाळाची वाढ मंदावते एवढंच. आकड्याच्या मागं लागून पाण्यात रोज उलथापालथ केली तर मात्र मासा जातो.

उपाय साधा. टाकीच्या खोलीची समोरासमोरची दोन दारं-खिडक्या थोडी उघडी ठेवा. थंडीत ते जमत नसेल तर एअर पंपाची किंवा स्किमरची हवा ओढायची नळी खिडकीच्या फटीतून बाहेर काढा. टाकीला बाहेरची हवा, तुम्हाला ऊब. फक्त नळीचं तोंड चुलीच्या धुराकडे किंवा फवारणीचं औषध ठेवता त्या कोपऱ्याकडे नको, ते विष थेट पाण्यात जाईल. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणून उन्हाळ्यात बऱ्याच घरांत आकडा आपोआप सुधारतो. एसी तीच हवा फिरवत राहतो.

आणखी एक उपाय आपल्या पानाच्या डब्यातला वाटेल असा आहे. चुन्याची निवळी. शाळेत नळीनं फुंकर मारून ती दुधाळ करायचा प्रयोग केला असेल, तीच. ती कार्बन डायऑक्साइड धरते आणि पाण्याला कॅल्शियमही देते. जगभर प्रवाळ पाळणारे ती वापरतात. पण तिचा पीएच १२ च्या वर, म्हणून वाफ होऊन जेवढं पाणी घटलं तेवढ्याच जागी, रात्री, थेंब थेंब. ग्लासभर एकदम ओतली तर सकाळी मासे काढायला लागतील. पानाचा चुना वापरू नका, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. टाकीसाठी मिळतो तो शुद्ध चुना घ्या आणि पोरांच्या हाती लागू देऊ नका.

यात मासे राहोत बाजूला, त्याच खोलीत आपली लेकरंही झोपतात. सकाळी उठल्यावर डोकं जड वाटतं, जीव आळसावलेला असतो, त्याला कोंदट हवाही कारण असू शकते. पूर्वी जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायचे, तो विझला तर कोणी उतरायचं नाही. तळाला साचलेली हवा जीव घेते हे त्या माणसांना ठाऊक होतं. घरात तेवढी वेळ येत नाही, पण बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलात तर येते. तिथं कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि टाकीचा पीएचही तो दाखवत नाही. शेगडी रात्री बाहेरच ठेवा.

राहिला लाइटीचा प्रश्न. लाइट गेली की पंप थांबतो, पाणी हलत नाही, हवेची देवाणघेवाण मंदावते आणि ऑक्सिजनही घटतो. मासे वर येऊन तोंड मारायला लागले तर समजा वेळ थोडा आहे. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप टाकी घेतानाच आणून ठेवा. तोवर मगानं टाकीतलंच पाणी वर उचलून परत ओतत राहा, तेवढ्यानंही बराच फरक पडतो.